माल आला नाही : ट्रॉम्बेच्या भिंतीबाहेरून काही प्रश्न

"आज माल आला नाही. पुढच्या आठवड्यात या."

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर हे वाक्य मी ऐकलं. माझ्या बाजूला परभणी जिल्ह्यातून आलेली मावशी उभी होती. सख्खी नाही, आमच्या गावातल्या बौद्धवाड्यातली. तिला स्तनाचा कर्करोग होता. गाठीची तपासणी झाली होती. आजार हाडांपर्यंत पोचलाय का, हे बघायला बोन स्कॅन सांगितला होता आणि पुढचे उपचार त्यावर ठरणार होते. ती आणि तिचा मुलगा तपोवन एक्स्प्रेसने आले, मानखुर्दला आमच्याच खोलीत उतरले आणि सकाळी सहाला रांगेत लागले. दुपारी उत्तर मिळालं ते हे.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. त्या दिवशी माल आला होता, पण कमी आला होता. "तातडीच्या पेशंटना आधी," असं सांगण्यात आलं. तातडीचं कोण, हे कोणी आणि कशावरून ठरवलं, असं विचारलं तर खिडकी बंद झाली. कोणीतरी सुचवलं की बाहेरच्या खाजगी सेंटरवर दुसऱ्या मशीनवर हेच काम आजच्या आज होईल, अठरा हजार लागतील. मावशी म्हणाली, "दोन सुगीची मजुरी धरली तरी एवढे होत न्हाईत, माय." मुलाची सुट्टी संपली होती, गाडीभाड्याचे पैसे संपत आले होते. दोघं गावी परत गेले.

दोन महिन्यांनी मी त्यांना हातापाया पडून परत आणलं. स्कॅन झाला. आजार हाडांत होता.

मी डॉक्टरांना विचारलं, दोन महिन्यांपूर्वी तो तिथे होता का? ते म्हणाले, सांगता येणार नाही. ते खरंच बोलले. उशिरामुळेच असं झालं, हे मीही म्हणणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. आणि माझं दुखणं तेच आहे. न झालेल्या तपासणीचा पुरावा कुठेच नसतो. गरिबाच्या आयुष्यातल्या अशा न घडलेल्या गोष्टींची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

मी समाजशास्त्रात एमए केलेली बाई. 'माल' म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाटलं, फिल्म संपली असेल किंवा इंजेक्शनचा साठा. नंतर वाचत गेले, विचारत गेले, आणि लक्षात आलं की तो माल अणुभट्टीत तयार होतो. ज्या ट्रॉम्बेच्या टेकडीखाली आमची वस्ती आहे, तिथेही तो तयार होतो. म्हणून हा लेख.

माल म्हणजे काय?

बोन स्कॅन, हृदयाचा रक्तपुरवठा बघणारा स्कॅन, किडनीचा, थायरॉईडचा स्कॅन, या सगळ्यांत शरीरात एक किरणोत्सारी औषध टोचतात. ते ठरलेल्या अवयवात जाऊन बसतं, तिथून गॅमा किरण बाहेर टाकतं आणि बाहेरचा कॅमेरा ते टिपतो. एक्स-रेमध्ये हाडाचा आकार दिसतो, यात हाडात काय चाललंय ते दिसतं. म्हणून एक्स-रेमध्ये दिसण्याआधी आजार इथे दिसू शकतो.

या औषधात सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे टेक्नेशियम-९९एम. जगात न्यूक्लिअर मेडिसिनच्या ज्या तपासण्या होतात, त्यातल्या साधारण ८० टक्के तपासण्यांत तोच असतो. त्याचं अर्धायुष्य फक्त ६ तास. म्हणजे सकाळी सहाला जेवढा असेल त्याच्या निम्मा बाराला उरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सोळावा हिस्सा. पेशंटसाठी हे चांगलं, कारण किरणोत्सार शरीरात रेंगाळत नाही. पण असा पदार्थ दुकानात ठेवता येत नाही.

मग करतात काय? त्याचा बाप रुग्णालयात पाठवतात. मोलिब्डेनम-९९ या पदार्थापासून टेक्नेशियम तयार होत राहतं आणि या मोलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस असतं. शिशाच्या जाड आवरणातली एक छोटी बरणी, तिला जनरेटर म्हणतात. आठवड्याला एक जनरेटर आला की रोज सकाळी त्यातून ताजं टेक्नेशियम काढायचं. आठवड्याभराने त्यात सुरुवातीच्या १७-१८ टक्केच मोलिब्डेनम उरतं, मग नवा जनरेटर लागतो. प्रयोगशाळांमध्ये याला गमतीने 'गाय' म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला 'दूध काढणं'. गाईच्या नावाने माणसांचे जीव घेतले जातात त्या देशात माणसाला उपयोगी पडणाऱ्या या गाईची मात्र कोणी चौकशी करत नाही.

तथागतांनी सांगितलेली अनित्यता आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. इथे ती घड्याळ लावून मोजता येते. तांदूळ गोदामात ठेवता येतो, लस शीतपेटीत ठेवता येते. हा माल कोणालाच साठवता येत नाही, सरकारलाही नाही आणि काळाबाजार करणाऱ्यालाही नाही. दर आठवड्याला तो नव्याने तयार झाला पाहिजे आणि वेळेत पोचला पाहिजे. त्यामुळे एक भट्टी बंद पडली की आठ-दहा दिवसांत दूरच्या रुग्णालयाची खिडकी बंद होते. तुटवड्याच्या दिवसांत रांगेच्या शेवटी कोण उभं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हाताऱ्या भट्ट्या आणि कॅनडाचा धडा

जगभरचं मोलिब्डेनम हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच अणुभट्ट्यांतून येतं. नेदरलँड्समधली पेटेन, बेल्जियममधली बीआर-२, दक्षिण आफ्रिकेतली सफारी-१, ऑस्ट्रेलियातली ओपल, चेक प्रजासत्ताक आणि पोलंडमधल्या एकेक. ऑस्ट्रेलियाची सोडली तर बाकीच्या पन्नास-साठ वर्षांच्या म्हाताऱ्या. पेटेनची भट्टी १९६१ची. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या एका पाइपात बिघाड दिसला, ती ठरल्या वेळी सुरू झाली नाही आणि अनेक देशांतल्या रुग्णालयांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. जानेवारी २०२२ मध्येही त्याच भट्टीत पाण्याची गळती होऊन हेच झालं होतं.

सर्वांत मोठा तुटवडा आला तो २००९-१० मध्ये. कॅनडातल्या चॉक रिव्हर इथली एनआरयू नावाची भट्टी १९५७ पासून चालू होती आणि जगाच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा एकटी भागवत होती. मे २००९ मध्ये तिच्यातून जड पाणी गळू लागलं. ती बंद झाली ती ऑगस्ट २०१० पर्यंत. त्यातच फेब्रुवारी २०१० मध्ये पेटेनची भट्टी दुरुस्तीला काढावी लागली. जगातल्या दोन मोठ्या भट्ट्या एकाच वेळी बंद!

हे आभाळातून पडलेलं संकट नव्हतं. २००७ सालीच सुरक्षिततेच्या एका अपुऱ्या राहिलेल्या कामामुळे एनआरयू थांबवावी लागली होती. तेव्हा कॅनडाच्या संसदेने खास कायदा करून ती पुन्हा सुरू करायला लावली आणि जानेवारी २००८ मध्ये सरकारने अणुसुरक्षा आयोगाच्या अध्यक्षा लिंडा कीन यांना पदावरून दूर केलं. नियमावर बोट ठेवणाऱ्या बाईला घरी पाठवलं, पण भट्टीचं वय काही कमी झालं नाही. तिची जागा घेण्यासाठी मेपल नावाच्या दोन नव्या भट्ट्या बांधायला घेतल्या होत्या. त्यांचं वागणं गणितात बसेना, म्हणून मे २००८ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला.

आता यातला पैशाचा भाग बघा. कॅनडात समस्थानिकांवर प्रक्रिया करून ते विकणारी कंपनी आधी सरकारची होती. १९९१ मध्ये ती खाजगी मालकाला विकली गेली. भट्टी मात्र सरकारकडेच राहिली. म्हणजे भट्टी चालवायची, दुरुस्त करायची, तिचा कचरा सांभाळायचा तो सरकारने, आणि माल विकायचा कंपनीने. मेपल बंद झाल्यावर त्याच कंपनीने सरकार आणि सरकारी महामंडळावर १६० कोटी डॉलरचा दावा ठोकला!

विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये यावर एक गट नेमला. या गटाने या धंद्याचा हिशेब मांडला. एका तपासणीच्या एकूण खर्चात भट्टीच्या वाट्याला जे पैसे येतात ते अगदी नगण्य असतात. भट्ट्या सरकारच्या पैशावर कशाबशा चालतात, त्यामुळे नवी भट्टी बांधायला किंवा जादा क्षमता राखून ठेवायला कोणी पुढे येत नाही. सोप्या मराठीत सांगायचं तर विहीर गावाची आणि पाण्याचा टँकर सावकाराचा.

आपल्या अंगणातली भट्टी

आता ट्रॉम्बेकडे येऊ.

४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला लाखो माणसांना धम्मदीक्षा दिली. एकाच वर्षात या देशात दोन नव्या गोष्टींची सुरुवात झाली. एक आपल्या माहितीची आहे, दुसरीबद्दल आपण कधी विचारच केला नाही.

१९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने सायरस ही भट्टी उभी राहिली. १९८५ मध्ये १०० मेगावॅटची ध्रुव आली. वैद्यकीय आणि औद्योगिक समस्थानिक या भट्ट्यांमध्ये तयार होऊ लागले. परळला १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं आणि देशातलं न्यूक्लिअर मेडिसिन तिथे वाढलं. १९८९ पासून 'ब्रिट' ही अणुऊर्जा खात्याची संस्था हा माल तयार करून रुग्णालयांना पुरवते, तिचं मोठं केंद्र वाशीला आहे. हे काम कमी मोलाचं नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी साध्या मोलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून मोलिब्डेनम-९९ बनवलं, त्यातून टेक्नेशियम वेगळं काढायच्या स्वस्त पद्धती बसवल्या आणि परदेशी जनरेटर परवडत नव्हते त्या काळात देशातल्या रुग्णालयांची गरज भागवली. हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

पण याच सायरसची दुसरी गोष्टही आहे. तिच्यात तयार झालेलं प्लुटोनियम १९७४ च्या पोखरणच्या स्फोटात वापरलं गेलं. त्या स्फोटाला नाव पडलं 'स्मायलिंग बुद्ध', हसरा बुद्ध! आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालणाऱ्या, त्याचं अंथरूण साफ करणाऱ्या बुद्धाचं नाव बाँबला! ज्या भट्टीतून रोग्याचं औषध निघत होतं तिच्यासाठी बुद्धाचं नाव कोणाला सुचलं नाही. स्फोटानंतर कॅनडाने अणुसहकार्य तोडलं. पुढे अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वाटाघाटीत सायरस बंद करायचं ठरलं आणि ३१ डिसेंबर २०१० ला ती कायमची थांबली. जुनी अप्सरा २००९ मध्येच बंद झाली होती. तिच्या जागी नवी अप्सरा आली ती २०१८ मध्ये, आणि तिची क्षमता २ मेगावॅट. मधल्या काळात समस्थानिकांचा जवळजवळ सगळा भार एकट्या ध्रुववर होता. ध्रुवला देखभालीसाठी थांबावंच लागतं.

आणखी एक अडचण आहे. साध्या पद्धतीने बनवलेलं मोलिब्डेनम पातळ असतं, म्हणजे तेवढ्याच वजनात किरणोत्सार कमी. रुग्णालयांना वापरायला सोपा असतो तो छोट्या नळीचा जनरेटर, आणि त्याला लागतं युरेनियमच्या विखंडनातून काढलेलं दाट मोलिब्डेनम. ते आपण परदेशातून आणत आलो. देशातच ते बनवण्याचं काम ट्रॉम्बेत हाती घेतलं गेलं, पण त्यात वर्षानुवर्षं गेली. परिणाम असा की नेदरलँड्समध्ये पाइप फुटला तर मुंबईतल्या खिडकीवर मावशीला "माल आला नाही" ऐकावं लागू शकतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि ते कारण शोधता येतं, हे आपल्याला तथागतांनीच शिकवलं. खिडकीवरचा कारकून हे कारण नव्हे. तो साखळीचा शेवटचा दुवा आहे, त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

या साखळीच्या दोन्ही टोकांना कोण आहे तेही बघा. या देशाच्या युरेनियमची पहिली खाण झारखंडात जादुगुडाला, संथाळ आणि हो आदिवासींच्या गावांमध्ये. खाणीचा कचरा त्यांच्या शेताशेजारी साठवला जातो आणि आजारांबद्दलच्या त्यांच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. इकडे ट्रॉम्बेत, अणुकेंद्राला लागून जनता कॉलनी नावाची वस्ती होती. आणीबाणीत, १९७६ मध्ये, केंद्राला जागा पाहिजे म्हणून ती बुलडोझर लावून उठवली. सुमारे ७० हजार माणसं चीता कॅम्पच्या चिखलात नेऊन टाकली. जोकिन अर्पुथम यांनी त्याविरुद्ध लढा उभारला. पुढे त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण वस्ती गेली ती गेलीच. चीता कॅम्पमधल्या म्हाताऱ्यांना तो दिवस अजून आठवतो.

युरेनियम आदिवासींच्या जमिनीतलं, भट्टीची जागा झोपडपट्टीतल्यांची, पैसा तुमच्या-माझ्या करातला. आणि माल आला नाही तर परत कोणाला पाठवायचं? मावशीला.

मालकी सरकारची, हमी कोणाची?

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की वैद्यकीय समस्थानिकांसाठी खाजगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारली जाईल. उद्देश सांगितला कर्करोगावरचे उपचार स्वस्त करण्याचा. भट्टी हवीच, याबद्दल वाद नाही. पण भागीदारीत कोणाच्या वाट्याला काय येणार? कॅनडात जे झालं तेच होणार असेल, म्हणजे भट्टी, कचरा आणि जोखीम सरकारची आणि बाजारपेठ कंपनीची, तर तुटवड्याच्या आठवड्यात माल आधी कुठे जाईल? जो जास्त भाव देईल तिकडे. त्यासाठी कोणी दुष्ट असायची गरज नाही, बाजाराचा नियमच तो आहे.

इथे बाबासाहेबांचं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' काढून बसा. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी हे निवेदन तयार केलं. पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्याने चालवावेत, हे त्यात आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर वीज आणि पाटबंधाऱ्यांचं धोरण बघितलेला माणूस हे लिहीत होता. हवेत बोलत नव्हता.

पण आपले अनेक कार्यकर्ते इथेच थांबतात. "सरकारी ते चांगलं, खाजगी ते वाईट," एवढं म्हटलं की झालं. थांबू नका, कारण तेव्हा अणुऊर्जा तर सरकारच्याच मालकीची होती! १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सगळी चावी केंद्र सरकारच्या हातात होती. तरी मावशी परत गेली. मग बाबासाहेब चुकले का?

नाही. त्याच निवेदनात त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली आहे आणि ती आपण विसरतो. ही आर्थिक रचना संविधानातच लिहिली जावी, म्हणजे उद्या सत्तेवर येणाऱ्या बहुमताला ती मोडता येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मालकीबरोबर हमी हवी. मालकी राज्याची असली आणि हमी नसली तर राज्य त्या भट्टीत बाँबचं प्लुटोनियम आधी करेल आणि रोग्याचं टेक्नेशियम नंतर. गुप्ततेच्या नावाखाली कोणी विचारायचंही नाही.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं आहे. सफारी-१ ही भट्टी १९६५ ची, वर्णद्वेषी राजवटीतली. त्या राजवटीने सहा अणुबाँब बनवले. सत्तांतराच्या आधी ते मोडून टाकले गेले, आणि ती सरकारी भट्टी पुढे जगाला वैद्यकीय समस्थानिक पुरवणाऱ्या मोठ्या भट्ट्यांपैकी एक झाली. २०१० पासून बाँबच्या दर्जाचं युरेनियम न वापरता मोलिब्डेनम बनवून विकणारी ती पहिली मोठी उत्पादक. भट्टी एकच, कामाचा क्रम बदलला. तो क्रम भौतिकशास्त्राने ठरत नाही, राजकारणाने ठरतो. म्हणूनच हा प्रश्न तज्ज्ञांवर सोडून देता येत नाही.

"आधी पाणी तर मिळू द्या"

वस्तीतल्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा : "ताई, आपल्या पोरांची शिष्यवृत्ती रखडलीय, नळाला पाणी नाही, आणि तुम्ही अणुभट्टीचं काय घेऊन बसलात?"

प्रश्न रास्त आहे. पण चवदार तळ्याचं पाणी मागताना बाबासाहेबांनी विद्यापीठाचा दरवाजा मागायचं थांबवलं नव्हतं. साध्या गोष्टी आपल्यासाठी आणि अवघड गोष्टी त्यांच्यासाठी, ही वाटणी आपणच मान्य केली तर मनूला वेगळं पुस्तक लिहायची गरज नाही. कर्करोग, हृदयरोग हे आता फक्त श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. आमच्या वस्तीत दर गल्लीत एक फाईल आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

दुसरा आक्षेप जैतापूरच्या आंदोलनात फिरलेल्या एका मित्राचा होता. अणू म्हणजे विनाश, आपण त्याला विरोधच केला पाहिजे. त्याची भीती मी उडवून लावत नाही. भट्टीतून कचरा होतो, अपघात होऊ शकतो, आणि त्याची किंमत शेजारची वस्ती मोजते. म्हणूनच जिथे भट्टी टाळता येते तिथे टाळावी. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्राने युरेनियमशिवाय टेक्नेशियम बनवता येतं, हे कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी तुटवड्यानंतर दाखवून दिलं. पण ते टेक्नेशियम ६ तासांचं असल्याने जवळच्या शहरापुरतंच उपयोगी पडतं. परभणीला अजून काही वर्षं मोलिब्डेनमचाच जनरेटर लागेल. बाँबला विरोध करताना रोग्याचं औषध त्याच मोटेत बांधून फेकून देऊ नका. विरोध कशाला आणि मागणी कशाची, हे वेगळं सांगता आलं पाहिजे.

आपण काय मागायचं?

भाषण खूप झालं. मुद्दे सांगते.

पहिली मागणी फुकटातली आहे. तुटवडा आला की वाटपाचा नियम लेखी आणि जाहीर असावा. सरकारी रुग्णालयांचा वाटा आधी. रुग्णालयात कोणाचा नंबर कशामुळे पुढे गेला, ते फळ्यावर लागलं पाहिजे. ज्याची तपासणी पुढे ढकलली त्याला कारण आणि नवी तारीख लिहिलेला कागद मिळाला पाहिजे. "माल आला नाही" हे तोंडी सांगून कोणालाही परत पाठवता येऊ नये. न झालेल्या तपासणीची नोंद झाली की उद्या तिचा हिशेब मागता येईल.

दुसरी, समस्थानिकांसाठी नवी भट्टी सार्वजनिक मालकीची हवी. भागीदार घेतलाच तर करारात सरकारी रुग्णालयांचा हिस्सा आणि दर आधी लिहा, आणि करार लोकांपुढे ठेवा. एक भट्टी देखभालीला गेली तर दुसरी चालू राहील, एवढी क्षमता राखून ठेवा. तपासणीच्या खर्चात भट्टीचा वाटा नगण्य असतो, तेव्हा हा भार सरकारला न पेलण्यासारखा नाही.

तिसरी, प्रत्येक महसूल विभागातल्या किमान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गॅमा कॅमेरा आणि दर आठवड्याला जनरेटर. जनरेटर गाडीत बसून मराठवाड्यात, विदर्भात जाऊ शकतो. आजारी माणसाने कशाला गाडीत बसून मुंबईला यायचं?

चौथी, निदानाआधीचा खर्च. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसवायला आधी निदानाचे कागद लागतात. त्या कागदापर्यंत पोचायचा प्रवास, राहणं आणि बुडालेली मजुरी कोणी भरायची? माझ्या कामात मी माणसं गळताना बघते ती याच टप्प्यावर.

पाचवी, जादुगुडातल्या आदिवासींच्या आरोग्याची स्वतंत्र तपासणी आणि उपचार. त्यांच्या अंगावरून आलेल्या युरेनियमवर आपण आपलं औषध मागताना त्यांचा विसर पडला, तर आपल्यात आणि ज्यांच्याविरुद्ध आपण बोलतो त्यांच्यात फरक काय?

आणि एक मागणी आपली आपल्याकडे. तुमच्यातले कितीजण बीएस्सी फिजिक्स, केमिस्ट्री करून स्पर्धा परीक्षेच्या रांगेत बसलेत? न्यूक्लिअर मेडिसिनचे तंत्रज्ञ, किरणोत्सारी औषधं बनवणारे, किरण-सुरक्षा अधिकारी, अशी कामं आहेत आणि त्यांचे अभ्यासक्रम आहेत. खिडकीच्या आतल्या बाजूलाही आपली माणसं हवीत. बाकीच्यांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज करा. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आहे का? मागच्या वर्षभरात किती जनरेटर आले, किती आठवडे आले नाहीत, किती तपासण्या पुढे गेल्या? उत्तर नाही आलं तर ते न येणंही कागदावर येईल.

मावशी गेल्या वर्षी गेली. तिच्या जलदान विधीला मी गावी गेले होते. तिच्या मुलाने फाईल माझ्या हातात दिली, "ताई, तुमच्या कामाला येईल," म्हणाला. त्यात दोन केसपेपर आहेत, दोन तारखांचे. दोन्हींवर तपासणीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. तो रकाना भरून घेणं आता आपलं काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!